एक, दोन आणि आजोबा

"शाळेच्या बाकावर तू तासभर टिकला नाहीस, आणि अण्णांपाशी दिवसभर बसणार? तू?"

आत्यानं तो शेवटचा 'तू' असा उच्चारला, जसा जेवताना दाताखाली आलेला खडा बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवावा.

"बसेन! बसूनच दाखवतो!" टोळ ओरडला. पण हे तो खुर्चीवरून ताडकन उठून म्हणाला, त्यामुळे बोलण्याला जे वजन यायला हवं होतं ते काही आलं नाही.

टोळ हे त्याचं खरं नाव नव्हे. पाय लांब, अंगावर मांस कमी आणि एका जागी ठरणं माहीत नाही, म्हणून आजोबांनीच लहानपणी ठेवलेलं. पुढं त्यानं शाळा सोडली (त्याच्या मते त्यानं सोडली, शाळेचं मत वेगळं होतं) तेव्हा नातेवाइकांनी आणखी बरीच नावं ठेवून पाहिली. पण टिकलं हेच.

भांडणाचं कारण आतल्या खोलीत पलंगावर होतं. आजोबांना, म्हणजे आत्याच्या अण्णांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात-पाय कामातून गेला, आणि जिभेवर सगळ्या शब्दांपैकी फक्त दोनच उरले. एक 'बरं' आणि दुसरा 'गाढवा'. पाहुणे, डॉक्टर, वर्तमानपत्राचं बिल मागायला येणारा, यांना 'बरं'. घरच्यांना 'गाढवा'. पाणी हवं असलं तरी गाढवा, उशी सरकली तरी गाढवा, आणि रात्री पांघरूण घातल्यावर हळूच म्हणायचे तेही गाढवा. टोळानं आपल्या जुन्या सायकलची घंटी काढून पलंगाच्या कडेला डाव्या हाताशी बसवून दिली होती. ती वाजली की कुणीतरी धावायचं.

अडचण अशी, की धावायला आता कुणी उरलं नव्हतं. दिवसभर राहणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. आई पोस्टात, वडील विमा कंपनीत. आईची कंबर आजोबांना उचलून उचलून अशी धरली होती, की ती पोस्टाच्या खिडकीत तिरकी बसायची आणि लोक विचारायचे, बाई, माझ्यावर रागावलात का? तेव्हा आत्या गावाबाहेरची एक संस्था बघून आली.

"अगदी स्वच्छ आहे. बाग आहे. टीव्ही आहे. डॉक्टर रोज येतात."

"आजोबांना टीव्ही आवडत नाही."

"मग बागेत बसतील."

"बागेत त्यांना शिंका येतात!"

"वहिनी, याला आवर गं. दादा, तू तरी बोल."

दादा, म्हणजे टोळाचे वडील, बशीतला चहा निवेपर्यंत काही बोलणाऱ्यातले नव्हते. चहा निवला तेव्हा ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." या वाक्यावर त्यांनी अख्खा संसार केला होता.

शेवटी आत्यानंच अट घातली. आरोग्य केंद्रात घरच्या माणसांसाठी वर्ग चालतो, म्हाताऱ्या-आजारी माणसाला कसं सांभाळायचं याचा. फुकट. शेवटी परीक्षा. "ती पास हो. झालास, तर अण्णा इथंच. नाही झालास, तर मी गाडी घेऊन येते आणि मग कुणीही रडायचं नाही."

परीक्षा हा शब्द ऐकून आई आणि वडील दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले. त्या घरात त्या शब्दाला फार इतिहास होता. पण टोळ आता तापलेला. त्या क्षणी त्याला कुणी विहीर खणायला सांगितली असती, तरी त्यानं फावडं मागितलं असतं.

"होतोच पास!"

आतून घंटी वाजली. "गाढवा!"

कुणाला म्हणाले ते कळलं नाही. पण टोळाला वाटलं, आपल्यालाच.

आरोग्य केंद्राच्या खिडकीतला कारकून फार सज्जन माणूस होता. सज्जन माणसांचं एक असतं, ती नियम सांगताना हसतात, त्यामुळे आपल्याला ओरडता येत नाही.

"वर्गात नाव घालायचं तर आधी पेशंट अवलंबून असल्याचा दाखला लागेल."

"ते अवलंबूनच आहेत. घरी येऊन बघा."

"आम्ही घरी येत नाही ना. पेशंटनं स्वतः यायचं. वर, साहेबांपुढं. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा."

टोळानं एकदा जिन्याकडं पाहिलं, एकदा कारकुनाकडं. "जिना चढता आला, तर ते अवलंबून कसे?"

"मग दाखला मिळणार नाही," कारकून हसून म्हणाला.

"आणि नाही चढता आला तर?"

"तर साहेबांपर्यंत पोचणार कसे? मग नाहीच मिळणार."

टोळाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की पाळ्या लाल झाल्यावर पुढचं वाक्य ऐकण्यासारखं नसतं. ते इथं छापण्यासारखंही नाही. कारकून मात्र तेही हसतच ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी आजोबांना चाकाच्या खुर्चीत घालून मिरवणूक निघाली. वडिलांनी अर्धी रजा टाकली. सोसायटीचे सेक्रेटरी आपणहून आले, कारण सोसायटीतला कुठलाही माणूस त्यांच्या देखरेखीशिवाय उचलला जाऊ नये असं त्यांचं धोरण होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू छत्री घेऊन आल्या. ऊन नव्हतं. जिन्यापाशी आल्यावर सेक्रेटरी म्हणाले, खुर्ची पाठीमागून न्यायची. काकू म्हणाल्या, छे, पुढून. वडील म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. तेवढ्यात साहेबच चहा प्यायला खाली उतरत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांना खुर्ची आडवी.

"हे काय?"

"बरं," आजोबा म्हणाले. साहेब परके होते ना.

"यांना आणखी काही बोलता येतं?"

"येतं, पण तुम्हाला नाही म्हणणार," टोळ म्हणाला.

साहेबांना चहाची घाई होती. त्यांनी खालूनच शिक्का मागवला आणि टोळाला वाकायला सांगून, त्याच्या पाठीवर कागद ठेवून, दाणकन हाणला. टोळाच्या आयुष्यात अधिकाऱ्यानं पाठीवर दिलेली ही पहिली शाबासकी.

कारकुनानं दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. "आता हा पेशंट, हा पत्ता आणि हा शिकणारा, तिघं बांधले गेले. निकाल लागेपर्यंत पेशंट बदलायचा नाही, पत्ता बदलायचा नाही. नाहीतर सगळं पहिल्यापासून."

"पेशंट कशाला बदलू मी? हे काय भाड्यानं आणलेत?"

कारकून हसला. असतात तसले लोकही, असं त्या हसण्यात होतं.

वर्ग दर रविवारी भरायचा. शिकवायला सिस्टर होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून ड्युटीवर. त्या 'उठा' म्हणाल्या की बाहेर बाकावर बसलेले रोगीसुद्धा उठायचे. वर्गात बहुतेक पन्नाशीपुढच्या बायका आणि एक बँकवाले काका, जे सिस्टरांचं प्रत्येक वाक्य संपायच्या आत मान डोलवायचे. सरावासाठी रबरी पुतळा होता, पण त्याचा एक हात खांद्यातून निखळायचा. तो धरून कुणी उठवलं की हात वेगळा, माणूस वेगळा, आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई दर वेळी किंचाळायच्या.

"पुतळा ठेवा बाजूला," सिस्टर म्हणाल्या. "तो सडपातळ मुलगा कोण? ये. आज तू पेशंट."

"मी शिकायला आलोय."

"पेशंट बोलत नाही."

मग टोळाला पलंगावर निजवलं. शिवणवाल्या बाईंना त्याला कुस्करलेलं केळ भरवायचं होतं. बाई घरी सासूबाईंचं करत होत्या, आणि त्या नात्यात वर्षानुवर्षं जे काही साठलं होतं ते बहुधा चमच्यात उतरलं. पहिला घास गिळायच्या आत दुसरा. दुसऱ्यावर तिसरा. मग त्यांनी त्याचं तोंड खालून वर असं पुसलं, की केळ नाकात. बँकवाल्या काकांनी त्याला न विचारता कुशीवर वळवलं, आणि तो भिंतीकडं तोंड करून, नाकात केळ घेऊन, पडून राहिला.

"अहो, सांगा ना आधी!" टोळ उसळून उठला. "हात लावायच्या आधी माणसाला सांगायचं काही आहे की नाही!"

सिस्टरांनी फळ्यावर लिहिलं, 'आधी सांगा. मग थांबा.' आणि टोळाकडं वळून म्हणाल्या, "सांगता तुला येईल. थांबता येईल का, ते बघू."

थांबणं! नेमकं तेच खातं त्याच्याकडं उघडलेलं नव्हतं. पेशंटला पलंगावरून खुर्चीत न्यायचं तंत्र सिस्टरांनी दाखवलं. खुर्ची चांगल्या बाजूला, चाकांना ब्रेक, पायात चप्पल, कमरेला रुंद पट्टा. आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवायचे, पट्टा धरायचा, आणि एक, दोन, तीन. तीनला दोघांनी मिळून उठायचं. आपण उचलायचं नाही, त्यानं उठायचं, आपण फक्त सोबत. बँकवाले काका तीनला उठवायचे. शिवणवाल्या बाई तीनलाच. टोळ मात्र दोनला.

"तीन, तीन!" सिस्टर ओरडायच्या.

"दोननंतर तीनच येणार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग वाट कशाची बघायची?"

"तीनची नव्हे रे, पेशंटची वाट बघायची!"

घरी सराव करावा तर आजोबा किती वेळ सहन करणार? म्हणून वरच्या काकूंनी सल्ला दिला, गादीची वळकटी घे. टोळानं वळकटीला वडिलांचा सदरा चढवला, कमरेला पट्टा बांधला आणि जागा हवी म्हणून दार उघडं टाकून सराव चालवला. "काका, आता मी तुम्हाला उचलणार आहे. घाबरू नका. एक, दोन..." सेक्रेटरी जिन्यातून वर चालले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की पोरगा कुणाला तरी पट्ट्यानं ओढतोय आणि त्या माणसाला मान नाही. सेक्रेटरी आले तितक्याच पायऱ्या खाली गेले. संध्याकाळपर्यंत सोसायटीत तीन वेगवेगळ्या बातम्या होत्या, आणि आईला पोस्टात एका म्हाताऱ्यानं हळू आवाजात विचारलं, घरी सगळे जिवंत आहेत ना?

आजोबांबरोबर सुरुवातीचे दिवस वाईट गेले. टोळ एक म्हणायचा, दोन म्हणायचा आणि हिसका द्यायचा. आजोबा अजून बसलेलेच. "गाढवा!" पुन्हा एक, दोन, हिसका. "गाढवा!" हा गाढवा त्या नेहमीच्यातला नव्हता, अगदी मनापासूनचा होता. पण हळूहळू जमायला लागलं. आजोबा हलके झाले. सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर, कुणाच्या कपाळाला आठी नाही. टोळाला वाटलं, काय सुधारलो मी! सुधारलं नक्की कोण, हा प्रश्न त्याला पडला नाही. असले प्रश्न त्याला पडत असते, तर शाळेतच पडले असते.

मधल्या काळात आत्या दोनदा येऊन गेली. येताना आजोबांसाठी मऊ मोजे, मऊ टोपी, मऊ उशी. पलंगाजवळ बसून ती म्हणायची, "अण्णा, मी आलेय."

"बरं," अण्णा म्हणायचे.

"बरं वाटतंय का?"

"बरं."

ती बाहेर येऊन पर्समधला रुमाल उगाच घडी करत राहायची. एकदा टोळानं पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाली, "तुला काय म्हणतात रे ते दिवसभर?"

"गाढवा."

"मला एकदाही नाही म्हणाले," ती म्हणाली, आणि लगेच गाडीची किल्ली शोधायला लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

परीक्षा घरीच होती. सिस्टर येणार, बघणार, निकाल देणार. आत्या सकाळीच हजर. वरच्या काकू बोलावल्याशिवाय आणि सेक्रेटरी सोसायटीच्या वतीनं. गादीच्या प्रकारानंतर त्यांना डोळ्यांनी खात्री करून घ्यायची होती. वडील दारात उभे, म्हणजे आतही नाहीत आणि बाहेरही नाहीत. टोळानं आदल्या रात्री स्वतःलाच दम दिला होता. उद्या तीन. काही झालं तरी तीन. दोनला उचललंस तर आजोबा गेले त्या बागेत शिंकत बसायला.

आणि काय सांगावं, पोरगं असं चाललं! हात धुतले. खुर्ची चांगल्या बाजूला लावली. ब्रेक लावले आणि खुर्ची हलवून पाहिली. चप्पल घातली. "आजोबा, आता मी पट्टा बांधणार आहे," असं सांगितलं आणि चक्क थांबला. आजोबांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की हा आजारी आहे का? सिस्टर कागदावर खुणा करत होत्या. आईनं पदर तोंडाला लावला होता. आत्या मदतीला म्हणून खुर्चीच्या मागं उभी.

गुडघ्याला गुडघे टेकवले. पट्टा धरला.

"एक."

सिस्टरांनी पेन वर धरलं.

"दोन..."

आणि टोळ थांबला. आयुष्यात पहिल्यांदा, ठरवून, मनापासून थांबला.

आजोबा मात्र उठले. रोज दोनलाच तर उठायचं असतं! गेले कित्येक दिवस ते बिचारे या पोराचा हिसका चुकवायला दोनला डाव्या पायावर जोर देऊन उठत होते. टोळाला वाटायचं आपण उचलतो. आता समोरून हिसका नाही आणि म्हातारा पूर्ण जोरात. तीन तोंडातून बाहेर पडायच्या आत आजोबांची छाती टोळाच्या नाकावर आदळली. टोळ मागं, मग बाजूला, आणि धप्पकन खुर्चीत. त्याच्या मांडीवर आजोबा. आत्यानं मागून झेप घेऊन दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि तिचा चष्मा आजोबांच्या खिशात गेला. ब्रेक चांगले लावले होते, म्हणून खुर्ची जागची हलली नाही. पेशंट पलंगावरून खुर्चीत पोचला होता, एवढं खरं. फक्त मध्ये टोळ होता.

"अण्णा! लागलं का? अण्णा!" आत्या ओरडली.

आजोबांनी मान वळवली. तिच्या गालाला गाल लागेल इतक्या जवळ तिचं तोंड. त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि ठणकावून म्हणाले,

"गाढवा!"

आत्या तशीच ओणवी राहिली. "दादा," ती म्हणाली, "मला म्हणाले. ऐकलंस ना? वहिनी, मला म्हणाले!" आणि आजोबांना हसू फुटलं. तोंड एका बाजूलाच उघडत होतं, पण पोट दोन्ही बाजूंनी हलत होतं, आणि त्याखाली टोळही गदागदा हलत होता. त्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याला सिस्टरांचं पेन दिसत होतं.

"नापास," सिस्टर म्हणाल्या.

"काय?" आजोबांच्या काखेखालून टोळाचं डोकं बाहेर आलं. "मी तीन म्हणणार होतो! मी थांबलो! सगळ्यांनी पाहिलंय! काकू, सांगा!"

"थांबला खरा," काकू म्हणाल्या.

"गादी होती तेव्हा मात्र थांबला नव्हता," सेक्रेटरी म्हणाले.

"थांबलास हे चांगलं केलंस," सिस्टर म्हणाल्या, "पण पेशंट आणि तू वेगवेगळं मोजताय. दोघांचं एक मोजणं होत नाही तोवर नापास. महिन्यानं पुन्हा येईन. आणि ते आपणहून उठतात, हे तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही? डाव्या पायात जीव आहे त्यांच्या."

ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते गाढवा म्हणत होते ते कशासाठी, हे कुणाला कळलं नव्हतं.

सगळ्यांनी मिळून आजोबांना पुन्हा पलंगावर नेलं. मोजायचं काम सिस्टरांनी केलं, म्हणून तीनला झालं. मग मंडळी बाहेरच्या खोलीत आली. आत्या तोंड धुऊन आली होती, पण अट म्हणजे अट. खुर्चीत बसून ती हळू आवाजात म्हणाली, "मग आता... ठरलं होतं तसं, पुढच्या आठवड्यात अण्णांना..."

"कुठं?" सिस्टरांनी विचारलं.

"संस्थेत."

"छे! फेरपरीक्षा बाकी आहे ना. निकाल लागेपर्यंत पेशंटचा पत्ता बदलता येत नाही. शिक्का बसलाय."

कारकुनाचं ते हसणं टोळाला आठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाबद्दल चार बरे शब्द मनात आले.

"आणि तेव्हाही नापास झाला तर?" आत्यानं विचारलं.

"तर पुन्हा महिन्यानं. पास होईपर्यंत."

वडिलांनी बशी खाली ठेवली. आईच्या तिरक्या कमरेनं सरळ व्हायचा प्रयत्न केला. आत्यानं पर्समधला रुमाल काढला. रुमालाची एक घडी, दुसरी घडी. मग पुढं सरकून म्हणाली, "हे बघ, वहिनीच्या कमरेचं मी बघते. शनिवार-रविवार मी येते, मलाही शिकव ते पट्ट्याचं. तू फक्त पुढच्या महिन्यात... म्हणजे घाई करू नकोस पास व्हायची. शिक्का सुटला की माझंच मन पुन्हा फिरायचं."

"म्हणजे?" टोळाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी मुद्दाम नापास होऊ?"

"तुला काय अवघड आहे त्यात?" वडील म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी एकाचीच बाजू घेतली होती.

"पप्पा! मी आजवर जितक्यांदा नापास झालो, प्रामाणिकपणे झालो! इथं मी पास होणार! पुढच्याच महिन्यात! आत्या, तुझी अट होती ना पासची? मग पास होऊनच आजोबा इथं राहणार, तुमच्या शिक्क्याच्या मेहेरबानीवर नाही! आणि सिस्टर, तुम्ही ते लिहून घ्या, की मी..."

आतून घंटी वाजली.

"...मी दोनला थांबलो होतो, आणि..."

घंटी पुन्हा वाजली, लांबलचक. "गाढवा!"

आत्याही उठली, आणि टोळही. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"बाकीचं राहू दे," टोळ म्हणाला. "मला आता आत जायला हवं."